फुकटच्या ज्ञानकोशाची वर्गणी

विकिपीडियाला देणगी देऊ नका, असे सांगणाऱ्यांचे म्हणणे पोकळ नाही. ते आधी पुरते मांडले पाहिजे, कारण त्यातला बराच भाग खरा आहे. हा ज्ञानकोश चालवणारी सॅन फ्रान्सिस्कोतली विकिमीडिया फाउंडेशन गरीब नाही. २०२३-२४ या आर्थिक वर्षात तिच्याकडे सुमारे साडेअठरा कोटी डॉलर जमा झाले. खर्चातले दहा कोटींहून अधिक पगारांवर गेले आणि सर्व्हर-होस्टिंगवर लागले ते सुमारे एकतीस लाख. वर्षअखेर गाठीला सत्तावीस कोटींच्या आसपास मालमत्ता होती. याखेरीज २०१६ मध्ये सुरू केलेल्या कायमनिधीने २०२१ मध्येच दहा कोटींचा टप्पा गाठला. असे असताना उद्या सगळे बंद पडणार असल्याच्या सुरात पानाच्या माथ्यावर आवाहन झळकवणे सचोटीला धरून नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनीच त्या भाषेला हरकत घेतली होती. ती हरकत रास्त होती आणि आजही मला ती मान्य आहे.

पण ‘म्हणून एक रुपयाही देऊ नये’ हे यातून निघत नाही. या निष्कर्षाच्या मुळाशी एक गृहीत आहे: घेणारा अडलेला असेल तरच द्यायचे. वाचनालयाची वर्गणी आपण त्याची तिजोरी रिकामी आहे का हे पाहून भरत नाही. पुस्तके वापरतो म्हणून भरतो, आणि भरतो म्हणून वार्षिक सभेत हिशेब मागतो. श्रीमंत संस्थेला जाब विचारायचा असेल तर तो विचारणारे आपणच असले पाहिजे, तिचे मोजके मोठे आश्रयदाते नव्हेत.

एकतीस लाखांचा आकडा दाखवून ‘बाकीचे पैसे कशाला?’ असे विचारले जाते. ज्ञानकोश म्हणजे विजेवर चालणारे कपाट, अशी समजूत त्या प्रश्नामागे आहे. भारतातला ताजा दाखला घेऊ. एएनआय या वृत्तसंस्थेने जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात फाउंडेशनवर दोन कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला. मजकूर लिहिणाऱ्या स्वयंसेवकांची ओळख उघड करावी, अशी मागणी झाली. त्या खटल्याविषयीचा लेखच न्यायालयाच्या आदेशावरून ऑक्टोबरमध्ये काढावा लागला. फाउंडेशन सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे २०२५ मध्ये न्या. अभय ओक व न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने तो आदेश रद्द केला. चालू खटल्यावर जनतेला बोलता आले पाहिजे, हे तत्त्व त्यातून आपल्या सगळ्यांच्या पदरात पडले. रात्री घरी बसून लेख दुरुस्त करणाऱ्या एखाद्या शिक्षकाला ही लढाई स्वतःच्या पगारातून लढता आली असती का? वकिलांचे पैसे होस्टिंगच्या रकान्यात दिसत नाहीत, आणि ते नसते तर होस्टिंग करायला निर्भय मजकूरही उरला नसता.

‘लिहिणारे फुकट लिहितात, मग पगार कोणाला?’ हाही असाच प्रश्न. मराठी विकिपीडियाच्या चौकटीत संगणकावर काहीही न बसवता देवनागरी उमटते, ती सोय कोणीतरी पगारी अभियंत्याने घडवलेली व सांभाळलेली असते. लेखनाला मोबदला नसावा, हे तत्त्व मला पटते. त्यामुळे मजकूर विकाऊ होत नाही. पण तेच तत्त्व यंत्रणा राखणाऱ्यांना लावून त्यांच्याकडूनही फुकट राबवून घ्यावे, हे पटत नाही. इतक्या माणसांची खरोखर गरज आहे का, हा मुद्दा निराळा. तो जरूर विचारावा, हिशेब हातात घेऊन विचारावा.

ज्ञानकोशाला पैसा लागतो, हे मराठी माणसाला कोणी परक्याने शिकवायला नको. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश हाती घेतला, तेव्हा सरकार पाठीशी नव्हते आणि कोणी संस्थानिक सगळा भार उचलणार नव्हता. त्यांनी लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवले आणि त्या बळावर १९२० च्या दशकात तेवीस खंड उभे केले. त्या वर्गणीदारांत वकील होते, शाळामास्तर होते. त्याच पिढीच्या डोळ्यांसमोर अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी पैसा गोळा करून पैसा फंड उभारला होता आणि १९०८ मध्ये तळेगावला काचकारखाना सुरू झाला होता. पुढे विश्वकोशाचे काम वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली चालले, ते राज्य सरकारच्या पैशावर. म्हणजे करदात्याच्या, आपल्याच. या दोन्ही वाटा मला आदरणीय वाटतात. तिसरी वाट जाहिरातीची. ती विकिपीडियाने धरली असती तर मधुमेहावरचा लेख उघडताच औषध कंपनी डोकावली असती, आणि काही वर्षांत ती लेखाच्या आतही शिरली असती. जाहिरात नाही, सरकार नाही, मग उरतो वाचक.

‘गूगलकडून घ्या, ते तर यावरच जगतात,’ असे म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात न्याय आहे. त्यासाठी विकिमीडिया एंटरप्राइज ही सशुल्क सेवा २०२१ पासून आहे आणि गूगल तिचे सुरुवातीचे गिऱ्हाईक. कंपन्यांकडून आणखी कसून वसूल करावे, या मताचा मी आहे. पण जी संस्था मुख्यतः दोन-चार कंपन्यांच्या धनादेशावर चालेल, ती त्याच कंपन्यांविषयी किती मोकळेपणाने लिहू देईल? आज सरासरी देणगी दहा-अकरा डॉलरची आहे आणि देणारे लाखोंनी आहेत. कोणी एक रुसला म्हणून काही अडत नाही. हे स्वातंत्र्य लहान रकमांनी विकत घेतलेले आहे.

आणि ते आता खरोखर धोक्यात आहे. फाउंडेशननेच एप्रिल २०२५ मध्ये सांगितले की जानेवारी २०२४ पासून चित्रे-ध्वनिफिती उतरवून घेण्याचा भार निम्म्याने वाढला, तो मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर ओरपणाऱ्या यंत्रांमुळे. त्याच वर्षी माणसांच्या भेटी मात्र सुमारे आठ टक्क्यांनी घटल्याचेही जाहीर झाले. उत्तर चॅटबॉट देतो, ज्याच्या लेखावरून ते दिले त्या पानापर्यंत वाचक पोचतच नाही. तो पोचला नाही तर आवाहन वाचणार नाही, चूक दिसली तर दुरुस्तही करणार नाही. आजच्या गंगाजळीकडे बोट दाखवणारे या घसरणीचा हिशेब धरत नाहीत.

राहिला आपल्या भाषेचा प्रश्न. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, लेख लाखाच्या घरात आहेत, आणि त्यातले कितीतरी चार ओळींवर संपतात. देणगीने हे बदलणार नाही, हे कबूल केलेच पाहिजे. एखाद्या गावाचा, नदीचा, पिकाचा लेख पुरा करायला ते गाव ठाऊक असलेला माणूस लागतो. म्हणून ज्याच्याकडे वेळ आहे त्याने पैशाआधी तो द्यावा. विद्यार्थ्याने आणि ओढाताणीत संसार करणाऱ्याने तर पैसे देऊच नयेत, आवाहनाने ओशाळूही नये. ज्याच्याकडे वेळ नाही आणि मिळकत बरी आहे, त्याने मात्र वर्षाला शे-दोनशे रुपये द्यावेत. परदेशी संस्था असल्याने ऐंशी-जी कलमाखाली करसवलत मिळत नाही, हे धरून द्यावेत. संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद दरवर्षी प्रसिद्ध होतो, तोही वाचावा. आणि भीती घालणारी पट्टी पुन्हा दिसली, तर देणगीदार म्हणून तिच्याविरुद्ध फाउंडेशनला लिहावे.