सशाची कैवारीण

संत म्हटला की चमत्कार आलाच, आणि चमत्कारांशी माझे फारसे जमत नाही. मेलेला उठला, पाण्यावर चालला असे वाचले की मी पान उलटतो. पण वेल्समधल्या मेलंगेल नावाच्या बाईपाशी मात्र, वाचकहो, मी थबकलो.

कथा अशी. आयर्लंडच्या एका राजाची ही मुलगी. बापाने ठरवलेले लग्न नको म्हणून ती समुद्र ओलांडून वेल्सच्या डोंगरांत आली आणि एका निर्जन दरीत राहिली. पंधरा वर्षे तिने पुरुषाचे तोंड पाहिले नाही. इ. स. 604 मध्ये पाउइसचा राजा ब्रॉखवेल शिकार करीत तिथे आला. कुत्र्यांनी उठवलेला ससा काटेरी झुडपांत शिरला. राजा पाहतो तो आत एक रूपवती प्रार्थनेत गढलेली, आणि ससा तिच्या झग्याच्या घोळातून तोंड काढून धिटाईने कुत्र्यांकडे बघतो आहे! राजा ओरडला, "छू! धरा त्याला!" कुत्री केकाटत मागे सरली. शिकाऱ्याने फुंकायला घेतलेले शिंग ओठालाच चिकटून बसले. राजा वरमला. त्याने ती दरी तिला देऊन टाकली. तिथे जो आश्रयाला येईल, त्याला कोणी हात लावायचा नाही.

आपल्या शिबी राजाने कबुतरासाठी स्वतःच्या मांडीचे मांस कापून दिले. मला मेलंगेलचा हिशेब अधिक पटतो. मारायला आला त्याने भरावे, वाचवणाऱ्याने का?

तिचे आज हाती असलेले चरित्र जवळजवळ हजार वर्षांनंतरच्या हस्तलिखितांतले. तेव्हा 604 या आकड्यावर मी पैज लावणार नाही. पण कथेने पुढे काय केले, ते अठराव्या शतकात थॉमस पेनंट या प्रवाशाने नोंदून ठेवले आहे. सतराव्या शतकापर्यंत त्या गावात कोणी ससा मारीत नसे. नंतरही, कुत्री मागे लागलेल्या सशाला कोणी 'देव आणि मेलंगेल तुझ्या पाठीशी' असे ओरडून सांगितले, की तो सुटलाच म्हणून समजावे! सशांना लोक 'मेलंगेलची कोकरे' म्हणत. हा चमत्कार मला मानवतो.

धर्मसुधारणेच्या धामधुमीत तिची बाराव्या शतकातली समाधी फोडली गेली. कोरीव दगड चर्चच्या भिंतींत चिणले गेले. विसाव्या शतकात ते हुडकून समाधी पुन्हा रचली, आणि मोडकळीला आलेले चर्चही 1992 पर्यंत सावरले. आतल्या पंधराव्या शतकातल्या लाकडी पडद्यावर सगळी मंडळी कोरलेली आहेत: राजा, ओठाला शिंग लावलेला शिकारी, मेलंगेल आणि तो ससा.