विश्लेषण : संगणकाची ‘इमेज’ काढली, पण ती परत चढेल का?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नियमित सुरक्षा अपडेट थांबवले. त्यामुळे घरातले, दुकानातले, सीएच्या कार्यालयातले अनेक जुने संगणक विंडोज ११वर न्यावे लागत आहेत. बदल अंगलट आला तर दहा दिवसांत मागे फिरण्याची सोय विंडोजमध्येच आहे. ही मुदत उलटली किंवा विंडोज सुरूच होईनासे झाले, तर दोन मार्ग उरतात. सगळे नव्याने टाकायचे, नाहीतर आधी काढून ठेवलेली ‘इमेज’ परत चढवायची.

साधा बॅकअप आणि इमेज यांत फरक काय?

फोटो, एक्सेलच्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवणे हा साधा बॅकअप. इमेज म्हणजे अख्ख्या पार्टिशनची एकसंध प्रत. त्यात विंडोज, प्रिंटरचे ड्रायव्हर, टॅली, सेटिंग असे सगळे येते. ‘विंडोज बॅकअप’ हे ॲप अनेकांना इमेजच वाटते. प्रत्यक्षात ते काही फोल्डर, सेटिंग आणि ॲपची यादी वनड्राइव्हवर ठेवते. बंद पडलेला संगणक त्यातून जसाच्या तसा उभा राहत नाही. इमेज काढणारी जुनी सोय कंट्रोल पॅनेलमध्ये विंडोज ७च्या नावाने अजून सापडते, पण मायक्रोसॉफ्टने २०१७मध्येच तिच्यातून अंग काढून घेत इतर कंपन्यांचे सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला दिला. क्लोनझिला मोफत आणि चोख आहे. नवख्याला मात्र त्याची स्क्रीन पाहूनच धडकी भरते.

परत चढवताना गाडी कुठे अडते?

बहुतेक वेळा अगदी सुरुवातीलाच. चालू विंडोज स्वतःवरच इमेज चढवू शकत नाही, म्हणून संगणक वेगळ्या रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून सुरू करावा लागतो. तो संगणक धड असतानाच बनवून, त्यावरून सुरू होते का आणि बाहेरची डिस्क दिसते का, हे पाहून ठेवायचे असते. इमेज काढणारे बरेच जण हा भाग उद्यावर ढकलतात.

दुसरी अडचण सी ड्राइव्हपलीकडची. आजच्या बहुतेक संगणकांत विंडोज सुरू होते ते ईएफआय नावाच्या छोट्या, एरवी न दिसणाऱ्या पार्टिशनवरून. विंडोज ११साठी डिस्कची रचना एमबीआरवरून जीपीटीवर नेली असेल, तर त्याआधीची केवळ सी ड्राइव्हची इमेज नीट चढूनही संगणक सुरू होत नाही. बूट फायली पुन्हा बनवाव्या लागतात. म्हणून इमेज डिस्कवरच्या सगळ्या पार्टिशनची घ्यावी आणि अशा बदलानंतर नवी काढावी.

इमेज चढली की त्या ठिकाणचे आधीचे सगळे पुसले जाते. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर सहसा सी ड्राइव्हवरच असतात. इमेज जानेवारीतली असेल, तर फेब्रुवारी-मार्चच्या नोंदी जातात. त्या आधी बाहेर काढायच्या, तर तिथे कुलूप असू शकते. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकलेल्या बहुतेक संगणकांवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मग रेस्क्यू पेन ड्राइव्हवरून ती उघडायला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती सहसा त्याच खात्यात जमा असते. खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर फायली अडकल्या.

इमेज ठेवायची कुठे?

त्याच डिस्कवर नाही आणि कायम जोडलेल्या डिस्कवरही नाही. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक ठप्प केले. त्या समूहाचे जेएनपीटीतील टर्मिनलही त्यात बंद पडले. मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवस जुने बॅकअप होते. पण कोणाला कुठे प्रवेश, हे ठरवणाऱ्या डोमेन कंट्रोलरचा वेगळा बॅकअप नव्हता. असे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत होते आणि एकाच नेटवर्कवर असल्याने एकदमच पुसले गेले. वाचला तो घानातला एक, तोही हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्यामुळे. त्यावरचा डेटा विमानाने ब्रिटनला नेण्यात आला. दहा दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.