काळ्या दिनाची विसरलेली बाजू

सीमाभागातील आम्हा मराठी भाषकांना दोन्हीकडून प्रश्न येतात. कर्नाटकातील मंडळी विचारतात, “इतकी वर्षे इथे राहता, तरी महाराष्ट्राची ओढ का सुटत नाही?” पुण्या-मुंबईची मंडळी कौतुकाने म्हणतात, “बेळगावचे असूनही तुमचे मराठी किती शुद्ध!” पहिल्या बोलण्यात संशय आहे, दुसऱ्यात अज्ञान. माणसाची अस्मिता शिधापत्रिकेवरील राज्याच्या नावाने ठरते, ही समजूत मात्र दोघांचीही.

ती आम्हास मान्य नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी ही गावे मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. त्या रात्री कोणी घर बदलले नव्हते की भाषा बदलली नव्हती. म्हणूनच आम्ही हा दिवस काळा दिन म्हणून पाळतो, आणि पाळत राहू.

परंतु घटनेची सातवी दुरुस्तीही त्याच दिवशी अमलात आली, याचे स्मरण आपल्यापैकी किती जणांना आहे? तिने घटनेत अनुच्छेद ३५०-क घातला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्याची जबाबदारी त्याने राज्यावर टाकली. अनुच्छेद ३५० तर मूळ घटनेतच आहे. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत शासकीय अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क तो प्रत्येकास देतो.

आम्ही हे हक्क किती वापरले? स्वतःच्या जमिनीचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घेणारे शेतकरी आमच्याकडे येतात. मराठीत तक्रारअर्ज केलात का, असे विचारले की उत्तर मिळते, “करून कोण दाद देतंय, वकीलसाहेब?” आमचा खरा पराभव इथे आहे. भगवा फेटा बांधून फेरीत पुढे चालणारे नातवंडांना इंग्रजी शाळेत घालतात, आणि पटाअभावी गावची मराठी शाळा बंद पडली की सरकारच्या नावाने बोटे मोडतात. असला अभिमान आम्ही कोणत्या तोंडाने मिरवायचा?

हेच हक्क जत, अक्कलकोट येथील कन्नड बांधवांनाही आहेत. तिथे महाराष्ट्राने हात आखडता घेतला, तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. ज्याला दुसऱ्याची मातृभाषा खुपते, त्याला स्वतःच्या भाषेसाठी न्याय मागण्याचा अधिकार उरत नाही.

महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याचा निकाल आपल्या हाती नाही. शाळेचा पट आपल्या हाती आहे, अर्जही आहे. यंदा काळा दिन पाळून झाला की कचेरी उघडेल त्या दिवशी प्रत्येकाने आपले एक गाऱ्हाणे मराठीत लिहून द्यावे आणि पोच घ्यावी. अर्ज नाकारला, तर नकार लेखी मागावा. तो कागद जपून ठेवा. पुढची लढाई त्याच्याच आधारे लढायची आहे.