शिपायाचा धनी

पालघरहून सातपाटीच्या रस्त्याला लागले की शिरगाव येते आणि समुद्राच्या तोंडावर किल्ला उभा दिसतो. सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांना तिथे दोन वाक्यांचा इतिहास सांगितला जातो. किल्ला पोर्तुगिजांकडे होता. 1739 च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने तो घेतला. दोन्ही वाक्ये खरी आहेत. त्याच मोहिमेत माहीम पडले, तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर कामी आले आणि मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. या भागातल्या माणसाला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो वाटायलाच हवा.

पण तटावर बंदूक घेऊन उभा असलेला माणूस कोण होता, हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. पोर्तुगिजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेत लिस्बनहून शिक्षा म्हणून धाडलेले गुन्हेगार होते, इथेच जन्मलेले मिश्र वंशाचे तरुण होते, किनाऱ्यावरचे ख्रिस्ती होते, आफ्रिकेतून आणलेले गुलामही होते. यातल्या किती जणांना पोर्तुगालच्या राजाविषयी जिव्हाळा वाटत असेल? मुंबईत इंग्रज होते, कुलाब्याला आंग्रे होते, जंजिऱ्याला सिद्दी होता. कसबी गोलंदाजाला आणि नाखव्याला चारही दरवाजे उघडे होते. दुसऱ्या दरवाजाने आत गेलेल्याला पहिला धनी गद्दार म्हणे, आणि दुसरा त्याला कामावर ठेवून घेई.

1718 साली मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर आरमार नेले. गलबतांची जबाबदारी त्याने मॅन्युएल दि कास्ट्रो या माणसावर सोपवली. हा कास्ट्रो त्याआधी आंग्र्यांच्याच चाकरीत होता. रसद अडवायची म्हणून जिथे त्याला उभे केले होते, तिथूनच आंग्र्यांची पाच गलबते दाणागोटा घेऊन बेटाला लागली. हल्ला फसला आणि इंग्रजांच्या लेखी कास्ट्रो हरामखोर ठरला. आंग्र्यांकडची चाकरी सोडून आलेल्या माणसाच्या हाती आंग्र्यांचीच नाकेबंदी देणाऱ्या बूनला दोष देणारे थोडे.

बाजू बदलणाऱ्या शिपायाचा न्याय बहुतेक असाच होतो. ज्या साम्राज्याने शिरगावचा तट बांधला, त्याच साम्राज्यात, पृथ्वीच्या पलीकडच्या टोकाला, याचे सर्वात गाजलेले उदाहरण घडले. ब्राझीलच्या ईशान्य भागात उसाच्या मळ्यांसाठी पोर्तुगीज आणि डच यांची लढाई चालू होती. दोमिंगुश फेर्नांदिश कालाबार हा तिथल्याच मातीतला, मिश्र वंशाचा माणूस पोर्तुगिजांकडून लढत होता. 1632 साली तो डचांना जाऊन मिळाला. खाड्या, दलदल, आडवाटा त्याला पाठ होत्या आणि त्या जोरावर डचांची सरशी होऊ लागली. 1635 च्या जुलैमध्ये तो पोर्तुगिजांच्या हाती सापडला आणि पोर्तु काल्व्हू या गावात त्याला मारण्यात आले. पुढे तीन शतके ब्राझीलच्या मुलांनी त्याचे नाव देशद्रोही म्हणून घोकले. त्याने कोणता देश विकला, हा प्रश्न 1973 साली एका नाटकाने विचारला, तर तिथल्या लष्करी सरकारने ते नाटकच बंद पाडले. तो प्रश्न खरोखर बोचणारा होता. जमीन त्याच्या लोकांची. तिच्यासाठी भांडणारे दोघेही समुद्रापलीकडून आलेले.

आपल्या इतिहासात हाच प्रश्न उलट बाजूने उभा राहतो, आणि तिथे तो आपल्याला अधिक झोंबायला हवा. बाजू बदलत फिरणारे युरोपीय शिपाई आपणच मोठ्या पगारावर ठेवले होते. बन्वा द बॉयन हा सव्हॉयमधल्या शाँबेरी गावचा. जन्म 1751 चा. आधी तो फ्रान्सच्या आयरिश पलटणीत होता, मग रशियाकडून तुर्कांशी लढताना कैद झाला, सुटला, मद्रासला येऊन इंग्रज कंपनीच्या फौजेत अधिकारी झाला आणि 1784 मध्ये महादजी शिंद्यांच्या पदरी आला. त्याच्या कर्तबगारीविषयी शंका घ्यायला जागा नाही. 1790 साली पाटण आणि मेडता या दोन लढायांत त्याच्या कवायती पलटणींनी राजपुतांची घोडदळे मोडून काढली. फौजेचा पगार थकू नये म्हणून महादजींनी त्याला दुआबातला मुलूख लावून दिला, आणि त्याच्या पलटणींना पगार वेळेवर मिळे.

मात्र चाकरी धरतानाच त्याने एक अट घातली होती: इंग्रजांविरुद्ध लढणार नाही. महादजींनी ती मान्य केली. या एका गोष्टीपाशी मराठी वाचकाने थांबले पाहिजे. राजपुतांवर, मोगलांवर, प्रसंगी होळकरांवरही ही फौज चालणार होती. पण ज्या सत्तेशी निर्णायक सामना होणे अटळ होते, तिच्यासमोर फौजेचा सेनापती लढणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले होते. द बॉयनने फसवले नाही, त्याने आधीच सांगितले होते. महादजींसारख्या दूरदृष्टीच्या पुरुषाला त्यातला धोका दिसला नसेल असे मी मानत नाही. दिल्ली ताब्यात ठेवायला आजच फौज हवी होती, आणि उद्याचे उद्या पाहू असे त्यांनी ठरवले असावे. तो उद्या महादजींच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी आला.

1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांशी युद्ध सुरू झाले, तेव्हा द बॉयन कधीच युरोपात परतला होता आणि त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच होता. गव्हर्नर जनरल वेलस्लीने जाहीरनामा काढला की शिंद्यांची चाकरी सोडून येणाऱ्यांची कंपनी सोय करील. अधिकारी निघून गेले. सप्टेंबरच्या 4 तारखेला अलीगडचा किल्ला पडला. दरवाजे उडवत आत शिरणाऱ्या इंग्रज तुकडीला वाट दाखवायला ल्यूकन नावाचा अधिकारी होता, आणि तो काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांचा पगार खात होता. खुद्द पेराँने इंग्रज सेनापती लेककडे अभय मागितले आणि ते मिळवून तो लखनौच्या वाटेला लागला.

त्याच महिन्याच्या 23 तारखेला आताच्या जालना जिल्ह्यात असईची लढाई झाली. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मुख्य होता अँथनी पोलमन. तो मूळचा हॅनोव्हरचा, इंग्रजांच्या फौजेबरोबर मद्रासला आलेला आणि ती सोडून शिंद्यांकडे आलेला. लढाई हरल्यावर तो निघून गेला आणि पुढे पुन्हा कंपनीच्याच चाकरीत दिसतो. गोलंदाज मात्र गेले नाहीत. इंग्रजांची पहिली रांग तोफा ओलांडून पुढे गेली, तेव्हा तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफांची तोंडे फिरवली आणि इंग्रजांच्या पाठीवर गोळे टाकले. त्या तोफा परत घेण्यासाठी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला पुन्हा चाल करावी लागली. त्याची दीड हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. हा माणूस पुढे वॉटर्लूला जिंकला, तरी असईची आठवण त्याच्या मनातून गेली नाही.

होळकरांच्या फौजेत दुसरे टोक दिसते. 1802 च्या दिवाळीत पुण्याजवळ यशवंतरावांना जय मिळवून देणाऱ्यांत व्हिकर्स हा अधिकारी होता. 1804 साली इंग्रजांशी युद्ध पेटले तेव्हा यशवंतरावांनी व्हिकर्स, डॉड आणि रायन या तिघांची डोकी उडवली. शिंद्यांना आलेला अनुभव ताजा होता, त्यामुळे यशवंतरावांचा संताप समजतो. तरीही मला ती शिक्षा चुकीच्या माणसांना झालेली वाटते. परक्या देशाच्या माणसाला त्याच्याच देशावर तोफ डागायला लावणे आणि नकार दिला म्हणून मारणे, यात राज्याची ताकद दिसत नाही, उशिरा आलेली जाग दिसते. 1784 पासूनच्या वीस वर्षांत आपल्यातले दहावीस सरदारपुत्र कवायत, तोफांचे ओतकाम आणि पलटणीची हुकमत शिकून वर आले असते, तर व्हिकर्स राहिला काय आणि गेला काय, फरक पडला नसता. तोफा ओतणारे हात आपले होते, तोफा डागणारे हात आपले होते. हुकूम तेवढा उसना होता.

पगारी शिपाई शेवटी पैशाचाच, असा निष्कर्ष यावरून कुणी काढील, तर त्याने इब्राहीमखान गारद्याकडे पाहावे. त्याचे शिक्षणही फ्रेंचांच्या कवायतीतले. आधी तो निजामाकडे होता, तिथून सदाशिवरावभाऊंकडे आला. बाजू बदललेलाच शिपाई. पगार दरमहा रोख हवा म्हणून तो भाऊंशी भांडे आणि त्यावरून छावणीत नाराजी होती. पानिपताच्या त्या सकाळी, 14 जानेवारी 1761 ला, तो भाऊंपुढे आला. पगाराच्या तगाद्यामुळे आपण माझ्यावर रुष्ट होतात, या महिन्यात तर काहीच मिळालेले नाही, पण आज त्याची फिकीर नको, या अर्थाचे त्याचे बोलणे पानिपतची हकीकत लिहिणाऱ्या काशीराजाने नोंदवले आहे. मग तो रोहिल्यांवर चालून गेला. त्याच्या पलटणी बहुतेक कापल्या गेल्या. तो स्वतः जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला आणि अब्दालीच्या छावणीत त्याचा अंत झाला. अमुकाशी लढणार नाही, असली अट त्याच्या चाकरीत नव्हती. फौजेचा गोल करून लढायचे, ही मांडणी भाऊंनी त्याच्या सल्ल्याने केली होती आणि जुन्या सरदारांचा रोष पत्करून त्याला आघाडीची जागा दिली होती.