विज्ञानाचे अंगण : मोटर फिरत का नाही?

बुऱ्हाणपुराकडील केळीच्या मळ्यांत ज्याने एकदा तरी दारे धरली आहेत, त्याला ट्रान्झिस्टर निराळा शिकवावा लागत नाही. पाटाच्या पाण्याला जोर फार. दार उघडणाऱ्या हाताला मात्र थोडकाच जोर पुरतो. तद्वत् ‘बेस’ या पायातून गेलेला अल्प प्रवाह कलेक्टरकडून एमिटरकडे जाणाऱ्या मोठ्या प्रवाहाला वाट करून देतो. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत हे साधन प्रथम सिद्ध झाले.

आता घरातील मुलगा वा मुलगी शाळेच्या प्रदर्शनासाठी, माती सुकताच रोपाला पाणी सोडणारी इवली मोटर जुळवू पाहते. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. ट्रान्झिस्टरला बोट लावावे तर चटका बसतो. दोन-तीन ट्रान्झिस्टर जळाले की मूल हिरमुसते आणि वडील मंडळी म्हणतात, “हे आपल्या आवाक्यातले नव्हे.” हा निकाल फार घाईचा होय. ट्रान्झिस्टर बदलण्यापूर्वी मीटर हाती घ्यावा.

प्रथम मोटर थेट बॅटरीला लावून पाहावी. ती फिरली, तर दोष पुढे आहे. मग जोडणी पुन्हा लावून, मोटर चालू असावयास हवी अशा वेळी कलेक्टर व एमिटर यांमधील दाब मोजावा. तो व्होल्टच्या काही दशांशांइतकाच असेल, तर दार पुरते उघडले आहे. दोन-तीन व्होल्ट भरला, तर दार अर्धवट उघडे आहे. मोटरीला मिळावयाची शक्ती ट्रान्झिस्टरातच उष्णता होऊन वाया जात आहे.

दार अर्धवट का राहते? बहुधा बेसला प्रवाह अपुरा पडतो म्हणून. समजा, मोटर ३०० मिलिअँपिअर घेते. आर्डुइनो बोर्डाच्या ५ व्होल्टांच्या पायातून १००० ओहमच्या रोधामार्गे बेसकडे केवळ ४.३ मिलिअँपिअर जातात, कारण बेसपाशी सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. रोध २२० ओहमचा केल्यास सुमारे २० मिलिअँपिअर मिळतात. एवढे त्या पायाला झेपते. मुलांच्या हाती नेहमी सापडणारा बीसी ५४७ मात्र १०० मिलिअँपिअरांहून अधिक वाहण्यास समर्थच नाही. बैलगाडीचे ओझे शेळीवर लादल्यासारखे ते होते! तेथे दीड अँपिअर सोसणारा बीडी १३९ घ्यावा. याच्या पायांचा क्रम बीसी ५४७ हून वेगळा असतो, तेव्हा माहितीपत्रक पाहूनच तारा जोडाव्यात.

इतके करूनही मोटर निश्चल राहिली, तर बोर्डाची ऋण तार आणि मोटरीच्या बॅटरीची ऋण तार एकमेकींस जोडल्या आहेत का, हे पाहावे. ही एक तार विसरल्याने कितीएक संध्याकाळी फुकट जातात. मोटर कलेक्टरच्या बाजूसच असावी. एमिटरखाली ठेवल्यास तिला ४.३ व्होल्टांहून अधिक मिळत नाही, मग बॅटरी कितीही मोठी असो.

राहिला डायोड. मोटर बंद होताच तिच्या वेटोळ्यांतून दाबाचा उलटा झटका येतो व त्याने धडधाकट ट्रान्झिस्टरही मरतो. यास्तव मोटरीच्या दोन्ही टोकांस १ एन ४००७ डायोड आडवा लावावा. त्याचा पांढरा पट्टा बॅटरीच्या धन बाजूकडे असावा. उलटा लावल्यास बॅटरीचा प्रवाह मोटरीऐवजी त्यातूनच धावेल.