सेगमेंटेशन मेलेलं नाही, मंडळी!

महापे एमआयडीसीत टपरीवर चहा पिताना स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचा विषय काढून बघा. कुणीतरी लगेच सांगणार, "सेगमेंटेशन? ते कधीच मेलं. नेटवरून जीडीटी उचल, चिकटव, पुढे जा."

माझा या सल्ल्यालाच विरोध आहे.

अर्धं खरं आहे, मान्य. बेस शून्य, लिमिट ४ जीबी ठेवायची आणि मेमरीचं संरक्षण पेजिंगवर सोडायचं, हे लिनक्सही करतं. ६४ बिटमध्ये तर प्रोसेसर कोड सेगमेंटचे बेस आणि लिमिट बघतही नाही.

पण ८ बाइटच्या त्या डिस्क्रिप्टरमध्ये डीपीएलचे २ बिटही असतात, त्यांचं काय? चालू कोड रिंग ० मधला की ३ मधला, हे आजही सीएसवरूनच ठरतं. रिंग ३ मधून कर्नलमध्ये शिरताना स्टॅक कुठला, हे सांगणाऱ्या टीएसएसची नोंदही त्याच टेबलात. ती चुकली की युजर मोडमध्ये पहिला इंटरप्ट येतो, ट्रिपल फॉल्ट होतो आणि मशीन रिस्टार्ट. उचललेल्या जीडीटीवाले साहेब मात्र चूक शोधतायत पेजिंगमध्ये!

कॉलेजात ८०३८६ चा डिस्क्रिप्टर घोकला, व्हायवात ओकला, संपलं. ऑफिसात सगळं लायब्ररीच करते. निदान हौसेच्या कामात तरी कॉपी-पेस्ट नको, राव. ३२ बिटमध्ये नल धरून नोंदी ६, बाइट ४८. या शनिवारी एकेक बिट स्वतः लिहा.