क्वेलचं अंडं जड म्हणजे चांगलं? आधी हिशोब करा



क्वेल पालन सुरू करणारे हमखास विचारतात, "सर, मोठं अंडं देणारे पक्षी कुठे मिळतील?" मी उलट विचारतो, अंडी विकणार कोणाला? खाणाऱ्याला, की पिल्लं काढणाऱ्याला? कारण या दोन गिऱ्हाइकांसाठी अंड्याच्या वजनाची किंमत वेगवेगळी आहे.

जपानी क्वेलचं अंडं साधारण १० ते १२ ग्रॅमचं असतं. कोंबडीच्या एका अंड्याच्या वजनात क्वेलची जवळपास पाच अंडी बसतात. त्यात निम्म्याहून जास्त पांढरा भाग, साधारण एक तृतीयांश पिवळा बलक आणि बाकी कवच. अंडं मोठं झालं की सहसा पांढरा भाग जास्त वाढतो. पिवळा बलक आणि कवच त्या प्रमाणात वाढत नाहीत. म्हणजे जड अंड्यात माल जास्त असतो हे खरं, पण ते जास्त ताजं, जास्त पौष्टिक किंवा जास्त मजबूत असेलच असं नाही.

खायची अंडी विकत असाल तर

बाजारात क्वेलची अंडी नगावर किंवा पॅकवर विकली जातात. गिऱ्हाईक डझन मोजतं, ग्रॅम मोजत नाही. तुमचा पक्षी १० ऐवजी १२ ग्रॅमचं अंडं देत असेल आणि भाव तोच मिळत असेल, तर वरचे २ ग्रॅम तुम्ही फुकट दिले. ते २ ग्रॅम खाद्यातूनच आलेत आणि खाद्याचं बिल तुम्हीच भरताय. इथे पैसा मिळतो तो ताजेपणाला, न फुटणाऱ्या कवचाला आणि एकसारख्या आकाराच्या पॅकला.

पिल्लं काढणार असाल तर

इथे वजन खरंच कामाचं आहे. पिल्लू जन्मतः अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश भरतं. १० ग्रॅमच्या अंड्यातून ७ ग्रॅमच्या आसपास, १२ ग्रॅमच्या अंड्यातून ८ ग्रॅम. पहिल्या आठवड्यात हा एक ग्रॅम फार मोलाचा असतो. म्हणून इनक्युबेटरला मधल्या वजनाची, एकसारखी अंडी लावा. फार बारीक आणि फार मोठी दोन्ही बाजूला काढा, कारण अति मोठ्या अंड्यात दोन बलकही निघू शकतात.

फसगत कुठे होते?

पक्ष्याचं वय वाढतं तसं अंडं मोठं होतं, पण कवच कमजोर होत जातं. क्वेल सहा-सात आठवड्यांची झाली की अंड्यावर येते. कोणी तयार पक्षी विकताना "बघा किती मोठं अंडं देतात" म्हणालं, तर आधी वय विचारा. मोठं अंडं ही म्हाताऱ्या पक्ष्याचीही खूण असू शकते. तुम्ही भांडवल घालाल आणि थोड्याच महिन्यांत ट्रेमध्ये तडकलेली अंडी मोजत बसाल.

मग वजन करायचंच नाही का?

करायचं, रोज करायचं! फक्त मोठेपणा मिरवायला नको, कळपाची तब्येत कळायला करा. रोज ठरावीक वेळी २० अंडी छोट्या डिजिटल काट्यावर एकत्र ठेवा, सरासरी वहीत लिहा. सरासरी अचानक घसरली तर पाणी, उकाडा आणि खाद्य तपासा. अंड्यावरच्या क्वेलच्या खाद्यात साधारण २० टक्के प्रथिनं आणि अडीच ते तीन टक्के कॅल्शियम लागतं. एप्रिल-मे मध्ये विदर्भ-मराठवाड्यात उन्हाने पक्षी खाणं कमी करतात, त्याचा फटका आधी अंड्याच्या वजनावर आणि कवचावर दिसतो.

दर्जा तपासायला आठवड्यातून दोन-तीन अंडी सपाट ताटलीत फोडा. पांढरा भाग बलकाभोवती घट्ट जमून राहिला आणि बलक उंच दिसला तर माल ताजा. पाण्यासारखा पसरला तर अंडं जुनं किंवा साठवण चुकली. साठवणीत अंड्यातलं पाणी उडतं आणि वजनही घटतं. म्हणजे आज ११ ग्रॅमचं असलेलं अंडं उघड्यावर पडून राहिलं तर हलकं आणि शिळं दोन्ही होतं.

माझं स्पष्ट मत ऐका. नवीन माणसाने सगळ्यात मोठ्या अंड्याच्या मागे धावू नये. एकसारखं अंडं, घट्ट कवच आणि वेळेवर पोच, या तीन गोष्टींवर गिऱ्हाईक परत येतं. काट्याला पाच-सातशे रुपये घाला आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवा. महिन्याभरात कोणत्याही विक्रेत्याच्या बोलण्यापेक्षा ती वही तुम्हाला जास्त सांगेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत!